पमीच्या नावाच्या वड्या

पहिली पुडी परत आली तेव्हा आय चहा गाळत होती. अंगणात काहीतरी थप्पकन पडलं. मी पडवीत जाळ्याची फाटकी बाजू शिवत बसलो होतो. मान वर केली, तर कुंपणापलीकडून एक बाई पदर तोंडावर ओढून झपझप निघून चालली होती. पाठमोरी होती, तरी कोण ते कळलंच. आमच्या गावात चालीवरून ओळखू येत नाही असं माणूस नव्हतं.

केळीच्या पानात बांधलेली पुडी अंगणाच्या मधोमध पडली होती. उजाडायच्या आधी मीच ती तिच्या उंबऱ्यावर ठेवून आलो होतो. दोरासुद्धा सोडलेला नव्हता.

पमी आतून आली. तिने पुडीकडे पाहिलं, मग आमच्या बाच्याकडे. "सांगितलं होतं ना मी," एवढंच म्हणाली.

बा म्हणाला, "पडू दे तिथंच. कुणी उचलू नका."

पमी म्हणजे माझी धाकटी बहीण प्रमिला. आदल्या दिवशी ती तालुक्याहून बी.एस्सी.चा निकाल घेऊन आली होती. आमच्या करंजबंदरात तोवर दोघेच पदवीपर्यंत पोचले होते, दोघेही मुलगे. ते पास झाले तेव्हा अख्खं गाव एसटीच्या थांब्यावर गेलं होतं. खालूबाजा लावून, गुलाल उधळत त्यांना खारजाईच्या देवळापर्यंत नाचवत नेलं होतं. त्यातल्या एकाच्या वेळी बाने स्वतः ढोल गळ्यात अडकवला होता आणि रात्री हात सुजेस्तोवर वाजवला होता. पमी एसटीतून उतरली तेव्हा थांब्यावर मी एकटा होतो. टपरीवर चारपाच जण बसले होते. आम्ही जवळून जाताना त्यांचं बोलणं थांबलं आणि आम्ही पुढे गेल्यावर परत सुरू झालं.

गावकीने आम्हाला वाळीत टाकलं होतं. दोन पावसाळे उलटले होते त्याला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकीचे पुढारी बाळाराम नाखवा यांनी एक नाव पुढे केलं आणि त्या नावाला देवीचा कौल घेतला. देवीच्या अंगावरचं फूल उजवीकडे पडलं, म्हणून बाकीच्यांनी माघार घ्यायची असं ठरलं. भर बैठकीत आमचा बा उठला आणि म्हणाला, की देवीला आजार विचारावा, वादळ विचारावं, असल्या गोष्टी विचारू नयेत, तिचा मान जातो. त्याला ना निवडणूक लढवायची होती, ना कुणाला पाडायचं होतं. पण गावकीने त्याचा अर्थ घेतला, की हसुराम चोगल्याने देवीचा कौल खोटा ठरवला. गंमत म्हणजे गावात बाइतका देवीचा माणूस दुसरा नव्हता. होडी लोटण्याआधी तो देवळाच्या दिशेने वाळूत डोकं टेकायचा, आणि देवळाची वाट बंद झाल्यावरही टेकायचा.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. कुणी मारत नाही, शिव्या देत नाही. फक्त तुम्ही नाही असं समजून सगळं चालतं. दुकानात गेलो की दुकानदार मागच्या खोलीत जायचा. आमच्या होडीवर खलाशी यायचे बंद झाले, म्हणून बा आणि मी दोघंच जवळच्या पाण्यात जाळं टाकायचो आणि मासळी तीन गावं सोडून विकायचो. सोयरे दारावरून पुढे जायचे. आमच्याशी जो बोलेल, आमच्याकडचं काही घेईल, तोही वाळीत. आणि हे कुणी मोडत नव्हतं.

तर निकालाच्या रात्री जेवताना आय रडली. पोर पास झाली आणि दारात एक माणूस नाही, म्हणाली. पमीला त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटत नाही असं ती दाखवत होती. बाने ताटातला हात धुतला. मग म्हणाला, "माणसं जमवता येत नायत, तर वाटता तरी येतं."

पमी नको म्हणाली. सगळं परत येईल, वर आपलीच शोभा होईल, असं तिचं म्हणणं. बा म्हणाला, "येऊ दे परत. दारापर्यंत गेली म्हणजे पोचली."

मग आमच्याच माडाचे नारळ फोडले. आयने वड्या थापल्या, पमीने पानं पुसली, मी दोरे तोडले. घरटी एक पुडी. झुंजुमुंजू होताना बा आणि मी दोन आळ्या वाटून घेतल्या आणि एकेका उंबऱ्यावर पुडी ठेवत गेलो. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. ती तरी अजून आम्हाला ओळखत होती.

पहिली पुडी पडल्यावर मग पुड्या येतच राहिल्या. कुणी स्वतः आलं, कुणी सुनेला पाठवलं. कुणीही फाटकाजवळ थांबलं नाही, लांबूनच फेकून चालते झाले. एकदोन पुड्या फुटल्या आणि पांढऱ्या वड्या चिखलात पसरल्या. मासेमारीला पावसाळ्याची बंदी होती, होड्या झावळ्यांखाली झाकून किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र दिवसभर गरजत होता आणि गावाला दुसरा उद्योग नव्हता. सगळं गाव आपापल्या पडवीत बसून आमच्या अंगणाकडे बघत होतं.

जेवणवेळेच्या सुमाराला गावकीची दोन माणसं आली. फाटकातून आत न येता त्यांनी अंगणातला ढीग नजरेने मोजला, एकमेकांत काही बोलले आणि फाटकाबाहेरच्या दगडावर बसून राहिले. बाने विचारलं, काय पाहिजे. त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायची त्यांना मुभाच नव्हती. पण थोड्या वेळाने गावात दवंडी फिरली आणि ती आम्हाला ऐकू आली. चोगल्याच्या दारात एक पुडी कमी भरली आहे. कुणाच्या तरी घरात ती राहिली. दिवेलागणीच्या आत सगळ्यांनी देवळात यायचं. घरटी एकाने बेलभंडार उचलून सांगायचं, की पुडी मी परत टाकली.

दवंडी संपल्यावर आयने पदर तोंडाला लावला. "काय केलं आपण हे," ती म्हणाली. "कुणाचं घर बुडवलं?"

ते थोड्याच वेळात कळलं. परसदारी केवड्याचं बन होतं, त्यातून अंग ओरबाडून घेत येसूमावशी आली. येसू आमची सख्खी नव्हे, पण आयची लहानपणची मैत्रीण. नवरा समुद्रात बुडालेला, पदरात एकच मुलगी, शेवंती. शेवंतीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलेलं होतं, शेजारच्या बंदरात. दोन वर्षांत येसूमावशीने आमच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आता ती मोरीपाशी उकिडवी बसली आणि हळू आवाजात आयला म्हणाली, "मी खाल्ली गं. पमीच्या पासाचा खाऊ. शेवंतीला सही करायला हिनंच शिकवलंय. देवापुढं ठेवली नि खाल्ली. टाकवली नाय माझ्यानं."

आयने तिचा हात धरला.

दुसरी पुडी बांधून देता येईल का, ती ढिगात टाकता येईल का, असं मी सुचवलं. पण मोजणी होऊन गेली होती आणि दोघे जण फाटकाशी बसलेले होते. मग पमी पुढे झाली. तिने येसूमावशीला सांगितलं, की बेलभंडार म्हणजे बेलाची पानं आणि हळद. तू शपथ घे, पुडी टाकली म्हण आणि मोकळी हो. काही होत नाही.

येसूमावशी तिच्याकडे पाहत राहिली. "तू शिकलीस, पमे," ती म्हणाली. "मला एकच पोर हाय. खारजाईपुढं खोटं बोलून मी ती घालवू?"

"मग मी जाते. सांगते, पुडी मीच लपवली."

"तुझ्या शपथेला कोण विचारतो? तू देव मानत नायस हे गावाला ठाऊक हाय."

येसूमावशी खरं सांगणार होती. खरं सांगितलं की तीही वाळीत, आणि शेवंतीचं लग्न मोडलं. हे तिने स्वतःच सांगितलं, न रडता. फक्त आयच्या कानावर घालायला आले होते, म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. मग आली तशी केवड्याच्या बनातून निघून गेली.

बा माजघरात डोळ्यांवर आडवा हात घेऊन पडला होता. मला वाटलं झोपलाय. उन्हं कलली तसा तो उठला, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेला सदरा घातला आणि आम्हाला काही न सांगता फाटकाबाहेर पडला. दगडावरचे दोघे उठून त्याच्या मागून चालू लागले. पमी आणि मी त्यांच्या मागून.

देवळापुढे सगळं गाव जमलं होतं. बायका एका बाजूला. बाळाराम नाखवा गाभाऱ्याच्या दाराशी बसलेले, पुढ्यात तबकात बेलाची पानं आणि भंडारा. वरच्या आळीची चारसहा घरं उरकली होती. बा पुढे सरकला तशी माणसं बाजूला होत गेली, त्याचा वारा अंगाला लागू नये म्हणून. दोन वर्षांनी तो पहिल्यांदाच देवळाच्या पायरीपाशी पोचला. पायरीखालीच थांबला.

तो म्हणाला, "ही शपथ थांबवा. पुड्या समद्या परत आल्या होत्या. एक मी उचलली. पोरीच्या नावाचा खाऊ चिखलात पडलेला बघवला नाय. ढिगातली एक घरात नेली नि खाल्ली. तुमची माणसं यायच्या आधी."

बायकांच्या घोळक्यात येसूमावशी उभी होती. तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. तिने एक पाऊल पुढे टाकलं, शेवंतीकडे पाहिलं आणि मागे घेतलं.

नाखवांनी बाकडे पाहिलं. त्यांनी त्याच्याशी थेट बोलणं हाच गावकीचा नियम मोडणं होतं, म्हणून ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "त्याला सांग, खरं असेल तर बेलभंडार उचल."

बाने हात पुढे केला. तबक पायरीखाली आलं.

"असं नाय," नाखवा त्याच माणसाला म्हणाले. "एका हातात बेलभंडार, आणि दुसरा हात पोरीच्या डोक्यावर. तिच्याच नावाचा खाऊ होता ना?"

पमी लगेच पुढे गेली. तिच्या मते हे सगळं पोरखेळ होतं, आणि एका पोरखेळाने येसूमावशीचं घर वाचत असेल तर तिला हवंच होतं. ती बासमोर उभी राहिली, थोडी मानही वाकवली. बाचा हात वर आला आणि तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मी शेजारीच होतो. बाच्या कपाळावर घाम फुटला होता. समुद्रात होडी आडवी होताना मी त्याला पाहिलेलं आहे, तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता. मग हात खाली आला, पमीच्या केसांवर टेकला, आणि बाने देवीकडे बघत ते सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्दही न बदलता.

नाखवा उठले. बैठक संपली. हसुराम चोगले खारजाईपुढे पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलेल, असं शत्रूलाही वाटलं नसतं.

घरी येताना पमी बाला म्हणाली, की आज तू फार मोठं काम केलंस. बा पुढे चालत राहिला. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी त्याने आम्हाला उठवलं तेव्हा आमच्या दोघांच्या पिशव्या पडवीत भरून ठेवलेल्या होत्या. पहिल्या गाडीने निघा, म्हणाला. दोघंही. मी कुठे जाऊ, होडीचं काय, असं मी विचारलं. होडी मी बघीन, तू बंदराबाहेर कुठंही काम धर, पण पाण्यावर जाऊ नकोस, म्हणाला. पमीला काही उमजेना. तिला आठ दिवस राहायचं होतं. तिने विचारलं, "मी काय केलं?"

बाने तिच्याकडे न बघता सांगितलं, "तुझ्या पासापायी मी गावापुढं चोर ठरलो. आता या घरात येऊ नकोस."

पमी उत्तराला कमी पडणारी नव्हती, पण त्या दिवशी तिने पिशवी उचलली आणि चालू लागली. आय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने आम्हाला थांबवलं नाही, आणि त्याचा मला बाच्या बोलण्याहून जास्त राग आला.

मी शहरात बर्फाच्या कारखान्यात लागलो. पमीने शिकवण्या करून एम.एस्सी. केलं, मग कॉलेजात नोकरी मिळवली. त्या वाक्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण कुणी तिचं कौतुक करू लागलं की ती विषय बदलायची किंवा उठून जायची. गणपतीला मी एकदा हट्टाने गावी गेलो. बा दारात आडवा उभा राहिला आणि तिथूनच ख्यालीखुशाली विचारून त्याने मला परत लावून दिलं. आय आम्हाला भेटायची ती थांब्यावर, एसटी येईपर्यंत. येसूमावशीच्या शेवंतीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. नाखवा वारले. वाळीत टाकणं कुणी उठवलं नाही, ते हळूहळू विरत गेलं. एक दिवस दुकानदार मागच्या खोलीत गेला नाही, एवढंच. तरी आम्हाला घरात घेतलं जाईना.

माझा मुलगा झाला तेव्हा आय शहरात आली. बा आला नव्हता. मी संतापून म्हणालो, की नातवाचं तोंड बघण्याइतकीही माया नसेल तर त्याला सांग, मी मेलो. आयने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून तिने ते सांगितलं. सांगायचं नाही अशी त्याने तिला गळ घातली होती.

"खोटी शपथ छपराला लागते असं म्हणतात," ती म्हणाली. "एका छपराखाली जेवढी लेकरं, तेवढ्यांवर पडते. तुम्ही त्याच्या छपराखाली नसलात तर देवीला सापडणार नाय, असं त्यानं धरलंय. आणि पमी... तिच्या डोक्यावर ठेवलेल्या हाताची भीती वाटते त्याला. रात्रीचा उठून त्या हाताकडे बघत बसतो. ती आपणहून जाणार नाय, म्हणून तसलं बोलला. बोलून परसात जाऊन ओकला."

मी ते पमीला सांगितलं. ती चिडली, माझ्यावर, आयवर, देवीवर. दुसऱ्या दिवशी तिने गावातल्या दुकानात फोन करून बाला बोलावून घेतलं आणि विचारलं, की इतकी वर्षं झाली, आम्हाला काही झालं का? बा म्हणाला, "लांब होतात म्हणून नाय झालं."

पमीला नोकरी लागली, ती विभागप्रमुख झाली, तिचं पुस्तक निघालं, त्या प्रत्येक वेळी बाने गावात घरोघर वड्या वाटल्या. येसूमावशी थापायला यायची. लोक घेत होते, पमीची चौकशी करत होते. पमी मात्र त्यातल्या एकाही वेळेला तिथे नव्हती.

मागच्या माघात बा अंथरुणाला खिळला. आता नाही म्हणायची त्याच्यात ताकद नाही, असा आयचा निरोप आला. आम्ही दोघं दुपारच्या गाडीने उतरलो. मी उंबऱ्याशी घुटमळलो. पमी थांबली नाही, चपला काढून सरळ आत गेली. बाची खाट माजघरात खिडकीखाली होती. त्या खिडकीतून देवळाचा कळस दिसतो. त्याने डोळे उघडले, पमीला पाहिलं, आणि त्याचा चेहरा मला पूर्वी एकदाच, देवळाच्या पायरीपाशी, दिसला होता तसा झाला. त्याने दोन्ही हात गोधडीखाली ओढून घेतले. मग मान खिडकीकडे वळवून, छातीत होता तेवढा जोर लावून मोठ्याने म्हणाला, "ही बाई कोण? मी वळखत नाय हिला. माझी पोर नाय ही. माझी पोर लांब असते."

मला पुढे व्हायचं होतं. पमीने हाताने मला थांबवलं. ती खाटेजवळ गेली, खिडकीतल्या कळसाकडे बघितलं, आणि तितक्याच मोठ्याने म्हणाली, "नाय हो काका. मी वरच्या आळीतली. येसूबायनं धाडलंय. पाणी देऊ का थोडं?"

बाने मान हलवली. तिने चमच्याने पाणी पाजलं. ते गिळून झाल्यावर त्याचा श्वास जरा खाली बसला. मग डोळे मिटूनच तो त्या वरच्या आळीतल्या बाईला सांगू लागला, की त्याला एक पोर आहे, गावातली पहिली पदवीधर पोर, निकाल लागला त्या दिवशी गावकी आडवी होती म्हणून तिला कुणी मिरवलं नाही, पण सगळ्या उंबऱ्यांवर तिच्या नावाच्या वड्या गेल्या होत्या. अडखळत, मधे दम खात, तो बराच वेळ बोलत राहिला. पमी खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होती आणि मधूनमधून "हो का?" म्हणत होती.